पार्श्वभूमी: खान्देशातले बैठे दिवस आणि दिवसभर विखुरलेली हालचाल

जळगावच्या डाळ मिलमधला हिशेबनीस, धुळ्याच्या कोर्टातला कारकून, भुसावळच्या रेल्वे कार्यालयात पडद्यासमोर बसणारा कर्मचारी, शहाद्याच्या बाजारपेठेतला दुकानदार. कामे निराळी, पण चौघांचेही जागेपणीचे आठ-दहा तास बसून जातात. घरापासून कामापर्यंत दुचाकी, कामावर खुर्ची, घरी परतल्यावर पुन्हा बैठक. शरीराला काही हालचाल हवी हे चौघांनाही पटलेले असते, आणि चौघेही एकच प्रश्न विचारतात: व्यायामाला वेळ कुठून काढायचा? हालचाल म्हणजे वेगळा वेळ काढून करायची गोष्ट, ही समजूत मात्र फार जुनी नाही. ती कशी तयार झाली हे कळले की दिवसाची मांडणी करणे सोपे जाते.

खान्देशात हालचाल कामातच होती. मोटेचे उदाहरण घ्या. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतारावरून, उतरतात तशी मोट भरून वर येते. मग बैल मागे सरत चढतात आणि हाकणाराही त्यांच्याबरोबर चढतो. धाव बारा मीटरची आणि दिवसाला तीनशे मोटा धरल्या, तर जाऊन-येऊन सात किलोमीटर भरतात. उतरताना तो नाड्यावर (मोटेच्या दोरावर) बसला तरी साडेतीन किलोमीटरचा चढ उरतोच. घरात पहाटे घरोटा (जाते) फिरे, मग विहिरीचे पाणी, नदीवरचे धुणे, डोक्यावर न्याहारी घेऊन वावरापर्यंतची वाट.

ही कामे एकदम गेली नाहीत, एकेक करून गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, इथल्या कापसाला अचानक भाव आला. त्याच सुमारास रेल्वे खान्देशात पोचली, पुढे जिन-प्रेस (सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणारे कारखाने) उभे राहिले आणि हाताने सरकी काढण्याचे काम संपत गेले. अमळनेरला १९०६ साली प्रताप मिल निघाली. तिथे साच्यावरचा कामगार पाळीभर उभा असे, मुनीम मात्र बसलेला. पुढे गावोगावी चक्की आली आणि घरोटा कोपऱ्यात गेला. इंजिन आणि वीजपंपाने मोट संपवली, नळाने विहिरीची खेप संपवली, सायकलची जागा दुचाकीने घेतली. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत ठिबक आल्यावर पाटाचे पाणी वळवत फिरणाऱ्याचे काम व्हॉल्व्ह फिरवण्यावर आले.

यातले काहीही परत आणायचे नाही. घरोट्याने बायकांचे खांदे आणि कंबर झिजवली. चक्कीने त्यांची पहाट मोकळी केली, हे चांगलेच झाले. शिवाय भर उन्हात कापूस वेचणाऱ्या मजूर बाईला ‘हालचाल वाढवा’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे. तिला सावली, पाणी आणि विश्रांती हवी. हा प्रश्न ज्यांचे काम बसण्याचे झाले त्यांचा आहे.

बसून राहण्याचा अपाय वैद्यांना जुन्या काळापासून दिसत होता. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली धंद्यांमुळे होणाऱ्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात शिंपी, चांभार अशा बैठ्या कारागिरांचे दुखणे वेगळे नोंदवले आहे. मोजून दाखवणारा पुरावा मात्र १९५३ सालचा. लंडनमध्ये जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१ हजार पुरुषांच्या नोंदी पाहिल्या. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिना चढत-उतरत. वाहकांना हृदयविकार स्पष्टपणे कमी होता, आणि झाला तरी लवकर जीव जाण्याचे प्रमाणही कमी. आपल्या एसटीचा वाहक गर्दीतून मागे-पुढे करतो तेव्हा तोही थोडेफार तेच करत असतो.

या निष्कर्षावर पहिली शंका खुद्द मॉरिस यांच्याच गटाने घेतली. त्यांनी १९५६ साली गणवेशाच्या मापांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नोकरीला लागतानाच चालकांच्या पँटची कंबर वाहकांपेक्षा मोठी असल्याचे दिसले. मग फरक कामामुळे पडला की मुळातच माणसे वेगळी होती? हे तपासायला मॉरिस यांनी पुढे ब्रिटिश सरकारी कचेऱ्यांतले कर्मचारी निवडले. ते सगळेच बैठे. कामात फरक नसल्याने मोजण्यासारखे उरले ते फावल्या वेळातले श्रम, आणि जोरकस व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकार कमी आढळला. अभ्यास कचेरीतल्या माणसांचा होता म्हणून उत्तर ‘फावल्या वेळातला व्यायाम’ असे आले. सल्ल्याचा रोख कामाकडून व्यायामाकडे वळण्यात अशा अभ्यासांचा मोठा वाटा आहे.

त्याच १९५६ सालचा आपल्या देशातला एक अभ्यास दुकानदारांनी जरूर लक्षात घ्यावा. जाँ मेयर आणि सहकाऱ्यांनी बंगालमधल्या ताग गिरणीच्या परिसरातल्या २१३ जणांचे वजन आणि आहार पाहिला. अंगमेहनत करणारे जास्त खात होते, पण त्या मानाने वजन बेताचे होते. सर्वांत कमी हालणारे, म्हणजे दुकानावर बसणारे आणि देखरेख करणारे, यांची भूक हालचालीबरोबर कमी झालेली नव्हती. ते हलके काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि जास्त जड होते. अभ्यास छोटा आहे, पण हिशेब विचार करायला लावतो: बसणे एका मर्यादेपलीकडे गेले की भूक माप सोडते.

दहा हजार पावलांचा आकडा १९६५ सालचा. जपानमध्ये कमरेला लावायचे पाऊलमापक विकायला आले, त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असे होते. आकडा लक्षात राहणारा म्हणून टिकला, पण तो संशोधनातून आलेला नव्हता. अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ स्त्रियांवरचा अभ्यास २०१९ साली आला. त्यात दिवसाला २,७०० पावलांच्या तुलनेत ४,४०० पावलांवरच मृत्यूचे प्रमाण बरेच खाली आलेले होते आणि सुमारे ७,५०० नंतर आणखी फायदा दिसला नाही.

पुढचे वळण बसण्याच्या सलगपणाचे. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड डन्स्टन यांच्या गटाने २०१२ साली १९ जाड प्रौढांना पाच तास बसवले. दर २० मिनिटांनी दोन मिनिटे सावकाश चालायला लावले तेव्हा जेवणानंतरची साखर २४ टक्के कमी वाढली. कारण स्नायूत आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातली साखर ओढून घेतो, आणि मांडी-पोटरीचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली आठवड्याला १५० मिनिटांच्या मध्यम श्रमांचा सल्ला देताना किमान दहा मिनिटांच्या सलग तुकड्याची अट घातली होती. २०२० साली ती अट काढली, माप १५० ते ३०० मिनिटे केले आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे काम सांगितले. आता तीन मिनिटांचा जिनाही हिशेबात धरला जातो.

महाराष्ट्रासह चार ठिकाणी झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मधुमेह पाहणीत (२०१४) १४,२२७ जणांपैकी ५४.४ टक्के निष्क्रिय आढळले. शहरात ६५, खेड्यातही ५० टक्के. फावल्या वेळात व्यायाम करणारे दहा टक्क्यांहून कमी. म्हणजे ज्या दारातून हालचाल आत येईल असे धरले होते, ते दार बहुतेकांनी उघडलेलेच नाही. दिवसातच ती पेरावी लागेल.

सुरुवात मोजण्यापासून करावी. मोबाइल खिशात ठेवून तीन दिवस पावले मोजा. टेबलावर किंवा ओट्यावर ठेवलेला मोबाइल काही मोजत नाही, त्यामुळे घरात वावरणाऱ्या बायकांचा आकडा हमखास कमी येतो. बैठ्या माणसाचा आकडा तीन हजारांच्या आसपास आला, तर दर आठवड्याला हजार पावले वाढवा. हजार पावले म्हणजे सुमारे दहा मिनिटे, अंतर पाऊण किलोमीटर. मिनिटाला शंभर पावलांचा वेग मध्यम श्रमाचा; बोलता यावे, गाता येऊ नये, ही त्याची खूण. चार आठवड्यांत सात हजार होतात आणि तिथे टिकणे पुरेसे आहे.

ही हजार पावले कुठून आणायची? लिटरची बाटली टेबलावर ठेवण्याऐवजी छोटा पेला ठेवा, माठ लांब हवा. फोन आला की उठायचे आणि संपेपर्यंत बसायचे नाही. दुकानात रोज लागणारा माल हाताशी न ठेवता मागच्या फडताळात ठेवा. गाडी बाजाराच्या तोंडाशी लावून आत चालत जा. जळगाव महापालिकेच्या सतरा मजली इमारतीत काम असेल तर पहिले दोन मजले जिन्याने आणि पुढे लिफ्ट. पंधरा दिवसांनी तीन मजले. उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, म्हणून गुडघे दुखणाऱ्याने चढ जिन्याने आणि उतार लिफ्टने करावा.

शतपावली हा आपला जुना शब्द नेमका आहे, फक्त शंभर पावले एका मिनिटात संपतात. ती पंधरा मिनिटांची करा. साठीपुढच्या, साखर वाढू लागलेल्या दहा जणांवरच्या २०१३ सालच्या प्रयोगात तिन्ही जेवणांनंतरच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या चालण्याने रात्रीच्या जेवणानंतरची साखर सलग ४५ मिनिटे चालण्यापेक्षा चांगली आवरली गेली. वरण-बट्टी किंवा शेवभाजीच्या जेवणानंतर गच्चीवर चालणे म्हणूनच उपयोगी. खाऊन लगेच जोरात चालू नका, पोटात कळ येते.

ताकदीसाठी जिमची गरज नाही. आठवड्यातून दोन दिवस हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीवरचे दहा जोर, टाचा पंधरा वेळा उचलणे, आणि दोन्ही हातांत पाच-पाच लिटर पाण्याच्या बादल्या घेऊन अंगणात चार फेऱ्या. हे सगळे दोनदा. उठताना गुडघा आत वळत असेल तर खुर्ची उंच घ्या.

बिघडते ते ठरावीक ठिकाणी. पहिल्याच दिवशी दहा हजार पावले, तीही पातळ चपलांवर, केली की टाच धरते. सकाळचे पहिले पाऊल टेकताना कळ येणे ही तिची खूण. तेव्हा चालणे निम्म्यावर आणा, मऊ तळाचे बूट घाला, पोटरी ताणा. जळगावच्या मेहरूण तलावावर तासभर फिरून येताना कचोरी खाल्ली की खर्चलेल्या दोनशे-अडीचशे कॅलरी परत येतात. दहा मिनिटे चालण्याने साठ किलोच्या माणसाच्या बसण्यापेक्षा जेमतेम वीस-पंचवीस कॅलरी जास्त जळतात, तेव्हा या तुकड्यांकडून वजनाची अपेक्षा ठेवू नका; साखर, आखडलेली कंबर आणि दम यांत फरक दिसतो. नुसते उभे राहणे म्हणजेही हालचाल नव्हे. शिरा फुगण्याचा त्रास असेल तर ते वाईटच.

सकाळी खरोखर वेगाने तासभर चालणाऱ्याला मात्र बसण्याचा धोका फारसा राहत नाही. दहा लाखांहून अधिक लोकांच्या २०१६ सालच्या एकत्रित विश्लेषणात रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम श्रम करणाऱ्यांमध्ये आठ तासांपेक्षा जास्त बसण्याचा वाढीव धोका उरलेला दिसला नाही. इतका वेळ देणारे थोडे, म्हणून बाकीच्यांसाठी तुकडे.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने चालणे वाढवताना डॉक्टरांना सांगावे आणि खिशात साखर ठेवावी; घाम, थरथर, गोंधळ वाटला की थांबून ती खावी. चालताना छातीत दडपण आले, ते जबड्यात किंवा डाव्या हातात उतरले, तर तिथेच थांबून लगेच दवाखाना.

खान्देशचा उन्हाळा वेळापत्रक मोडतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४४ अंशांपलीकडे गेला की अकरा ते पाच बाहेरची पावले बंद. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास सकाळचे चालणे सातच्या आत संपवा, दुपारचे तुकडे घरात किंवा दुकानाच्या आत, रात्रीची शतपावली गच्ची निवल्यावर. उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून नवी सुरुवात मे महिन्यात करू नका. पहिल्या पावसानंतर करा. धुळ्याच्या डिसेंबरातल्या कडाक्यात उलटे: रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्याने पहाटे पाचला बाहेर पडण्याऐवजी ऊन अंगावर आल्यावर निघावे.