दरोडेखोर आणि आउटलॉ: एकच का?

रॉबिन हूडचं नाव काढलं की वर्ग एका सुरात ओरडतो, "श्रीमंतांना लुटणारा दरोडेखोर!" मग मी फळ्यावर शेजारीशेजारी लिहिते: दरोडेखोर, आउटलॉ. मुलांच्या लेखी दोन्ही एकच.

दरोडेखोर ठरतो तो त्याच्या करणीवरून. आउटलॉ ठरायचा तो गैरहजेरीवरून. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आरोपी फिरकला नाही, तर परगण्याच्या कोर्टात त्याच्या नावाचा पुकारा व्हायचा. पुढच्या बैठकीत पुन्हा, त्यापुढच्या बैठकीत पुन्हा. असे चार-पाच पुकारे होऊनही माणूस आला नाही, की तो कायद्याबाहेर. गुन्हा शाबीत होण्याची गरजच नसे; भीतीनं पळालेला निरपराधही यात सापडे. चीजवस्तू जप्त होई. जुन्या काळी तर अशा माणसाला 'लांडग्याचं डोकं' म्हणत, म्हणजे दिसेल त्यानं मारावं. मुलं म्हणतात, "म्हणजे वाळीत टाकलेला?" जवळचं आहे, पण वाळीत गाव टाकतं किंवा जात, इथे टाकणारं कोर्ट होतं.

बदनामी की कीर्ती, हा आणखी वेगळा मामला. रॉबिन खरा होता की नाही यात तास घालवण्यापेक्षा मी लेस्टरशायरच्या फॉलव्हिल भावांना वर्गात आणते. १३२६ मध्ये त्यांनी राजाच्या खजिन्याचा न्यायाधीश रॉजर बेलर्स याचा खून केला आणि ते पळाले, म्हणून आउटलॉ. १३३२ मध्ये रिचर्ड विलोबी या न्यायाधीशाला पळवून १३०० मार्कांची (मार्क म्हणजे तेव्हाचं पैशाच्या हिशेबाचं एकक) खंडणी उकळली. इथपर्यंत वर्ग त्यांच्या विरोधात असतो. मग मी सांगते, की पुढे याच विलोबीवर आरोप झाला, त्यानं कायदा गायीबैलांसारखा विकला. वर्ग फिरतो! चौदाव्या शतकातच इंग्रज कवी विल्यम लँगलंडच्या काव्यात 'फॉलव्हिलांचा कायदा' (म्हणजे लबाडांनी लाटलेलं जोरानं परत मिळवणं) असा शब्दप्रयोग आला आहे, आणि त्याच काव्यात रॉबिन हूडच्या गाण्यांचाही उल्लेख आहे. (रॉबिनला सरदार केलं ते फार नंतर, १५९८ च्या नाटकांनी. जुन्या गाण्यांत तो साधा योमन, म्हणजे सरदारांपेक्षा खालच्या थरातला स्वतंत्र माणूस आहे.)

भावांपैकी रिचर्ड पाद्री होता; त्याला चर्चमधून ओढून काढून त्याचं डोकं उडवलं. युस्टेसला मात्र स्कॉटलंडच्या मोहिमेत चाकरी केल्याबद्दल माफी मिळाली. इथे मी विचारते, माफीनंतर युस्टेस फळ्यावरच्या कुठल्या रकान्यात? मागच्या बाकावरून उत्तर येतं, "आउटलॉ खोडा, दरोडेखोर राहू द्या."