रेद (जुना इंग्रजी शब्द)

रेद म्हणजे लवकर, वेळेच्या आधी. हा इंग्रजी शब्द आता वापरातून गेलाय, पण त्याचंच 'जास्त लवकर' असं तुलनेचं रूप म्हणजे आपण दिवसभर ऐकतो तो 'रादर' ('त्यापेक्षा', 'उलट'), त्यामुळं शब्द पार मेला असं म्हणवत नाही.

जुन्या इंग्रजीत (साधारण ११५० पर्यंत) विशेषण 'ह्रॅड' आणि क्रियाविशेषण 'ह्राथे' असं मिळतं, अर्थ चपळ, झटपट. एकात ड आणि दुसऱ्यात थ का, यावर एकमत नाही. विशेषणातही कुठंकुठं थ दिसतो, म्हणून काहीजण म्हणतात क्रियाविशेषणाचा थ मागाहून तिकडं शिरला, तर काहींच्या मते जर्मॅनिक काळातच (इंग्रजी, जर्मन वगैरेंची मूळ भाषा एक होती तेव्हा) आघाताच्या जागेमुळं एका शब्दाची दोन रूपं पडली होती, म्हणजे व्हर्नरचा नियम. हे दुसरं मत जास्त पटतं कारण 'सीद' (उकळणं) आणि त्याच्याच घरातला 'सॉडन' (भिजून चिंब) ही तशीच जोडी आजही इंग्रजीत आहे. जर्मॅनिकच्या बाहेर लिथुएनियन आणि आयरिशमधल्या 'हलवणं' अर्थाच्या शब्दांशी नातं लावतात, ध्वनी जुळतात पण अर्थ बराच लांबचा, तेव्हा ते जपूनच घ्यावं.

झटपटवरून लवकर कसं झालं हे मराठी माणसाला समजवायला नको, आपला 'लवकर' शब्द 'लवकर चाल' आणि 'लवकर उठ' दोन्हीकडं चालतोच. चौदाव्या शतकाच्या शेवटी इंग्रज कवी चॉसरनं गिरणीवाल्याच्या तोंडी घातलेल्या गोष्टीत पहाट व्हायच्या आधी फाळाला धार लावत बसलेला लोहार दारात आलेल्या अ‍ॅब्सोलन नावाच्या पात्राला विचारतो, एवढ्या 'रेद' का उठलात? तिथं अर्थ पक्का वेळेचाच आहे. कवी स्पेन्सरच्या १५७९ च्या कवितेत 'रादर' कोकरं थंडीनं हैराण झालीयत, म्हणजे हंगामात आधी जन्मलेली कोकरं, 'पेक्षा' वगैरे काही नाही. जे आधी करावंसं वाटतं तेच जास्त आवडीचं, अशा वाटेनं रादरला आजचा अर्थ आला असावा. फ्रेंच 'प्ल्युतो' आणि जर्मन 'एअर' यांचंही तसंच झालंय. 'सगळ्यात लवकर' सांगणारं 'रेदेस्ट' मात्र टिकलं नाही.

कवी मिल्टननं १६३७ च्या शोकगीतात प्रिमरोज फुलाला 'रेद' म्हटलं, वसंताच्या सुरुवातीलाच फुलतं म्हणून. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या त्याच्या हस्तलिखितात हे फूल आधी 'लग्नाविना' मरतं, छापताना ते 'टाकून दिलेलं' असं मरतं, पण 'रेद' त्यानं दोन्ही वेळा राखलाय आणि ते फार सुंदर आहे. १८५० मध्ये कवी टेनिसननं तरुण वयासाठी हाच शब्द वापरला, तोवर तो कवितेपुरता आणि बोलींपुरता उरला होता.

बोलींत 'रेदराइप' म्हणजे लवकर पिकणारं, आपल्या हळव्या भातासारखं. अमेरिकेत त्याचंच 'रेअरराइप' झालं आणि लवकर येणाऱ्या पीच फळाला ते नाव पडलं.