लष्करातील भ्रष्टाचाराचा तपास (बेळगाव सीमाभाग)

सैन्यातील लाचखोरी, अपहार, खरेदीतील गैरव्यवहार व भरतीतली फसवणूक यांचा छडा लावणारी व्यवस्था. भारतात यासाठी एकच स्वतंत्र खाते नाही. तपास कुणाकडे जाणार, हे आरोपी कोण यावर ठरते. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर, सैन्य भरती कार्यालय, सांबऱ्याचा हवाई दलाचा तळ आणि कॅन्टोन्मेंट बोर्ड जवळजवळ असल्याने हा फरक ठळकपणे दिसतो.

वर्दीतल्या माणसाला लष्कर कायदा, १९५० लागू होतो. आधी कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्कराची अंतर्गत चौकशी), मग पुराव्यांची नोंद आणि गरज पडल्यास कोर्ट मार्शल. कलम ५२ (सरकारी वा पलटणीच्या मालमत्तेचा अपहार) आणि कलम ५३ (खंडणी, भ्रष्टाचार) यांत दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लोकपाल कायद्यातून लष्करी कायद्याखालच्या व्यक्ती वगळल्या आहेत. कर्नाटकचे लोकायुक्त राज्य सरकारच्या नोकरांपुरते. त्यांच्याकडे तलाठ्याची तक्रार चालते, सुभेदाराची नाही.

सीबीआयचे मूळच लष्करी खरेदीत आहे. दुसऱ्या महायुद्धात युद्ध व पुरवठा खात्यातली लाचखोरी शोधण्यासाठी १९४१ मध्ये विशेष पोलीस दल उभे राहिले, त्यातूनच १९६३ मध्ये सीबीआय झाली. बोफोर्स तोफांच्या खरेदीतल्या लाचखोरीचा गुन्हाही तिनेच १९९० मध्ये नोंदवला. कर्नाटकाने सप्टेंबर २०२४ मध्ये तिला दिलेली सर्वसाधारण संमती (दर प्रकरणात वेगळी परवानगी न घेता राज्यात तपास करण्याची मुभा) काढून घेतली. हिशेबातल्या गडबडी मात्र बहुधा आधी संरक्षण लेखा विभागाच्या किंवा कॅगच्या (महालेखापरीक्षकांच्या) तपासणीत सापडतात.

सीमाभागातल्या घरांचा संबंध येतो तो भरतीच्या एजंटाशी. खानापूर, निपाणीकडची पोरं पहाटे रस्त्यावर धावून मैदान मारतात, आणि ‘मेडिकलचं मी बघतो’ म्हणणारा कुणीतरी अर्धे पैसे आणि दहावीचं मूळ मार्कशीट ठेवून घेतो. असा एजंट सैन्यातला नसला तर प्रकरण स्थानिक पोलिसांकडे, फसवणुकीच्या कलमाखाली जाते. एफआयआर कन्नडमध्ये येतो, त्यामुळे तो वाचून दाखवणाराही शोधावा लागतो. तरी खरी अडचण वेगळीच: भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे, मध्यस्थामार्फत दिली तरी, गुन्हा आहे. नाइलाजाने दिली असेल तर सात दिवसांत कळवणाऱ्याला सूट मिळते. पण एजंट ‘पुढच्या यादीत नाव येईल’ म्हणत महिनोन्‌महिने झुलवतो, आणि ती मुदत त्यातच निघून जाते.