एफपीजीए लोडर ड्रायव्हर : डिव्हाइस फाइलपासून ओव्हरलेपर्यंत

झायलिंक्स या चिप कंपनीने १९८५ साली एक्ससी२०६४ ही एफपीजीए (आतील जोडण्या नंतरही बदलता येणारी) चिप आणली, तेव्हापासून या घराण्यातील बहुतेक चिपांची जडणघडण एकच राहिली आहे : आतील जोडण्यांचा आराखडा एसरॅम या तात्पुरत्या मेमरीत असतो आणि वीज गेली की तो पुसला जातो. त्यामुळे बोर्ड सुरू झाला की बिटस्ट्रीम, म्हणजे या आराखड्याची फाइल, दर वेळी नव्याने भरावा लागतो. पुष्कळ जुन्या बोर्डांवर हे काम शेजारच्या फ्लॅश मेमरीतून परस्पर उरकत असे आणि लिनक्सचा त्याच्याशी संबंध येत नसे.

२०११ मध्ये जाहीर झालेल्या झिंक-७००० मालिकेने हा क्रम बदलला. कॉर्टेक्स-ए९ प्रोसेसर आणि एफपीजीए एकाच चिपमध्ये आले, प्रोसेसर आधी जागा होऊ लागला आणि एफपीजीए भरण्याची जबाबदारी त्याच्याकडे गेली. झायलिंक्सच्या स्वतःच्या लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) त्यासाठी 'एक्सडेव्हसीएफजी' नावाची डिव्हाइस फाइल, म्हणजे हार्डवेअरपर्यंत पोचवणारी खास फाइल, होती. 'कॅट' आज्ञेने बिटस्ट्रीम तिच्यात लिहिला की काम झाले.

ही पद्धत सोपी होती, पण माझ्या मते तिच्यातली उणीव गंभीर होती. बिटस्ट्रीम बदलणे म्हणजे चालू कर्नलच्या पायाखालचे हार्डवेअर बदलणे, आणि त्या फाइलमागच्या ड्रायव्हरला, म्हणजे हार्डवेअर हाताळणाऱ्या कर्नलच्या भागाला, या बदलाची खबर कर्नलच्या इतर भागांना देण्याची सोय नव्हती. रिकाम्या एफपीजीएतील पत्त्यावर एखाद्या ड्रायव्हरने वाचन सुरू केले, तर बसवरून (प्रोसेसर आणि एफपीजीए यांना जोडणाऱ्या मार्गावरून) उत्तरच येत नाही आणि अख्खी यंत्रणा जागच्या जागी थिजते.

अल्टेरा या एफपीजीए कंपनीत काम करणाऱ्या ॲलन टल यांनी या प्रश्नावर एफपीजीए मॅनेजर ही सामाईक चौकट उभी केली. जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या लिनक्स ४.४ मध्ये ती दाखल झाली आणि तिच्यासोबत झिंकसाठी मॉरिट्झ फिशर यांनी लिहिलेला ड्रायव्हरही आला. पुढे ४.१० मध्ये ब्रिज (प्रोसेसर आणि एफपीजीएमधली वाट) आणि रीजन (एफपीजीएचा बदलता येणारा भाग) या संकल्पनांची भर पडली : डिव्हाइस ट्री ओव्हरले (कर्नलला नव्या हार्डवेअरची माहिती देणारी पुरवणी) लावला की आधी ब्रिज बंद होतो, मग बिटस्ट्रीम भरला जातो, ब्रिज पुन्हा उघडतो आणि त्यानंतरच नव्या उपकरणांचे ड्रायव्हर जोडले जातात.

मात्र वापरकर्त्याने थेट बिटस्ट्रीम भरावा अशी फाइल मुख्य प्रवाहातील, म्हणजे सर्वांसाठीच्या मूळ लिनक्समधील, या चौकटीने दिली नाही. झायलिंक्सने आपल्या कर्नलमध्ये सिसएफएस या कर्नलची माहिती फाइलरूपात दाखवणाऱ्या यंत्रणेखाली 'फर्मवेअर' ही फाइल जोडली. तिच्यात बिटस्ट्रीमचे नाव लिहिले की कर्नल तो फर्मवेअरच्या ठरलेल्या फोल्डरमधून उचलतो. बोर्डावरील कर्नल कोणत्या शाखेचा आहे हे ड्रायव्हर बसवण्याआधी पाहावे लागते, ते या फाट्यामुळेच.

जुन्या सूचनांवर चालणारे आणखी एका ठिकाणी अडतात. झिंकच्या नव्या ड्रायव्हरला बाइटांचा क्रम उलटलेली बिन फाइल (बिटस्ट्रीमची कच्ची बायनरी फाइल) लागते. बिटस्ट्रीमची खूण 'एए ९९ ५५ ६६' अशी असते, पण हा ड्रायव्हर फाइलमध्ये '६६ ५५ ९९ एए' शोधतो; ती सापडली नाही की तो बिटस्ट्रीम अवैध ठरवतो आणि तसा संदेश कर्नलच्या नोंदीत उमटतो.