छाती तयार, नडगी कच्ची

लष्करभरतीची तारीख लागली की नागपुरातली मैदानं पहाटे साडेचारलाच भरू लागतात. रेशीमबाग, मानकापूर, फुटाळ्याचा रस्ता, जिथे जागा मिळेल तिथे पोरं पळतात. दोन महिन्यांत बहुतेकांचा दम चांगला वाढतो. नेमक्या त्याच सुमाराला, रोजचं अंतर दुप्पट झालेलं असताना, त्यातली काही जण नडगी धरून कडेला बसलेली दिसतात. आळस किंवा नशीब याला जबाबदार नसतं. शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत, आणि सगळ्यात सावकाश तयार होणारा भागच निवड चाचणीत आधी दगा देतो.

रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, आठवड्याभरात वाढतो. हृदयाची आणि दमाची सुधारणा सहा ते आठ आठवड्यांत जाणवते. पहिल्या महिन्यात पुलअप वाढतात ते मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना नीट कामाला लावायला शिकते म्हणून. स्नायू खरोखर भरायला त्यापुढे दोन-तीन महिने जातात. स्नायूबंध त्याहून संथ, आणि हाड सर्वांत शेवटी.

हाडाचं गणित विचित्र आहे. नवा भार पडला की शरीर आधी जुनं हाड खोदून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. खोदकाम साधारण तीन आठवड्यांत उरकतं, भरणीला मात्र तीनेक महिने लागतात. म्हणजे व्यायाम सुरू केल्यावर मधले काही आठवडे हाड पूर्वीपेक्षा नाजूक असतं. दम वाढलेला असतो, उत्साह असतो, म्हणून अंतरही नेमकं तेव्हाच वाढवलं जातं, आणि नडगीला किंवा पावलाच्या लांब हाडांना बारीक तडा जातो. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने १८५५ मध्ये कूच करून आलेल्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचं वर्णन केलं होतं, तेव्हापासून हे दुखणं लष्करी वैद्यकाला ठाऊक आहे.

नडगीचं प्रत्येक दुखणं म्हणजे तडा नव्हे. नडगीच्या आतल्या कडेने चार-पाच बोटं लांबीत दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर हाडाच्या वेष्टनाची आणि त्याला चिकटलेल्या स्नायूंची कुरकुर असते. अंतर निम्मं करा, डांबरी रस्ता सोडून मातीच्या मैदानावर या, पिंढरीचा व्यायाम वाढवा, सहसा भागतं. पण एकाच ठिकाणी बोट ठेवून ‘इथेच’ असं सांगता येत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी थांबवायचं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे पुष्कळदा साफ येतो, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे, पळ’ या सल्ल्यावर विसंबू नये. गरज पडल्यास एमआरआय करावा. सहा ते आठ आठवडे पळणं बंद ठेवून सायकल किंवा पोहणं चालू ठेवता येतं. दुखणं दाबायला गोळी घेऊन पळणारे बारीक तड्याचं रूपांतर आरपार मोडण्यात करून घेतात.

अग्निवीर भरतीतली धाव १.६ किमीची. पूर्ण गुणांसाठी ती ५ मिनिटे ३० सेकंदांच्या आत संपवावी लागते. म्हणजे ४०० मीटरच्या मैदानावर प्रत्येक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांची. बहुतेक जण गर्दीच्या रेट्यात पहिली फेरी ७० सेकंदांत मारतात आणि तिसरीत कोसळतात. आठवड्यातून एकदा ४०० मीटरच्या सहा फेऱ्या प्रत्येकी ८० ते ८२ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालत, एवढा वेगाचा सराव पुरतो. पायाला तो वेग ओळखीचा झाला पाहिजे. बाकीचं पळणं शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकं सावकाश हवं. रोज जीव तोडून पळणाऱ्याचा वेग महिन्याभरात थिजतो, कारण सावरायला वेळच उरत नाही.

पुलअपचंही तसंच. पूर्ण गुणांसाठी दहा लागतात. एका दमात चारच निघत असतील, तर दर वेळी दोन-दोनचे आठ सेट, आठवड्यातून चार दिवस. हात निकामी होईपर्यंत लटकण्यापेक्षा हे लवकर फळतं. पैज लावून एका दिवसात दोनशे पुलअप किंवा पाचशे बैठका मारण्याचा प्रकार मात्र घातक आहे. स्नायू फुटून त्यातलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात अडकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली, हात सुजून कडक झाले, तर घरी पाणी पीत बसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

भरतीची परीक्षा काही मिनिटांची असते. लष्कराच्या पॅरा एसएफचं प्रोबेशन (निवडीचा परीक्षाकाळ), नौदलाच्या मार्कोसची किंवा हवाई दलाच्या गरुडांची, अशा विशेष कमांडो दलांची निवड हा आठवडेच्या आठवडे चालणारा प्रकार आहे, आणि तिथलं मुख्य हत्यार म्हणजे पिठ्ठू, म्हणजे सैनिकाची पाठीवरची वजनदार पिशवी. पाठीवरच्या वजनाचा खर्च मोजायला १९७७ मध्ये अमेरिकी लष्करी संशोधकांनी एक समीकरण मांडलं, ते आजही वापरात आहे. त्यात आकडे घालून पाहा: ६५ किलोचा तरुण २० किलोचा पिठ्ठू घेऊन सपाट रस्त्यावर ताशी ६ किमीने चालला तर शरीर सुमारे ४७० वॅट ऊर्जा जाळतं. पाच टक्के चढ लागला की तोच आकडा ७१५ च्या आसपास जातो. म्हणून सेमिनरी हिल्सचा चढ किंवा रामटेक गडाच्या पायऱ्या सपाट रिंग रोडपेक्षा कितीतरी जास्त शिकवतात. उतरताना मात्र सावकाश. मांडीचे स्नायू आणि गुडघे उतारावरच सोलून निघतात.

पावलावरचा एक किलो पाठीवरच्या चार ते सहा किलोंइतका महाग पडतो. घोट्याला वाळूची पट्टी बांधून पळण्याची जी फॅशन आहे, तिने फक्त चाल बिघडते.

वजन कसं वाढवायचं? पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदाच ८ किलो आणि ४ किमी. पुढे एका आठवड्यात एक तर अंतर वाढवा, नाही तर वजन. दोन्ही एकदम कधीच नाही. दर चौथ्या आठवड्याला पुन्हा हलकं. असं करत सोळाव्या आठवड्यापर्यंत २० किलो आणि १२ किमी गाठता येतं. वजन घेऊन पळू नका, झपाझप चाला. कॉलेजच्या सॅकमध्ये तळाला विटा भरण्याची चूक सर्रास होते. त्याने वजन मागे ओढतं, माणूस कमरेतून वाकतो आणि खांद्याचे पट्टे रुततात. हाताला मुंग्या येऊन बोटं बधिर होणं ही खांद्याजवळच्या नसा दबल्याची खूण आहे. वाळूच्या पिशव्या चादरीत गुंडाळून दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये, पाठीला घट्ट चिकटून बसवा आणि कमरेचा पट्टा आवळा, म्हणजे बराचसा भार नितंबाच्या हाडावर उतरतो.

फोड वरवरच्या घासण्याने येतात अशी समजूत आहे. खरं तर त्वचेचे थर आतल्या आत एकमेकांवर सरकतात, आणि ओलसर पायाला ते जास्त होतं. मोजा ओला झाला की बदला. दोन जोड्या जास्तीच्या ठेवा. टाच चुरचुरायला लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा, पुढच्या थांब्याची वाट पाहू नका. फोड आलाच तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी सोलू नका.

आता उन्हाकडे. २०१३ च्या जुलैमध्ये वेल्समधल्या ब्रेकन बीकन्स डोंगरात ब्रिटिश लष्कराच्या एसएएस या विशेष दलाच्या निवडीच्या चालीत उष्णतेने तीन राखीव सैनिक दगावले. त्या दिवशीचं तापमान तिशीच्याही खाली होतं. नागपूरकर त्याला गारवा म्हणेल! पण उष्णता बाहेरूनच येते हा गैरसमज आहे. स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात तिचा किमान पाऊण भाग, सपाट चालीत तर जवळपास सगळाच, उष्णता होऊन अंगातच राहतो, आणि वर पाठीवर पिठ्ठू असला की घाम वाळायची जागाही झाकली जाते.

एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. मघाचे ४७० वॅट बाहेर टाकायला तासाला पाऊण लिटर घाम वाळावा लागेल. मेमध्ये हवा ४५ अंशांवर गेली की ती त्वचेपेक्षा गरम असते, म्हणजे उलट हवाच अंगाला तापवते, आणि घाम हा एकच रस्ता उरतो. आपल्याकडची उन्हाळी हवा इतकी कोरडी की घाम दिसण्याआधीच उडतो. बनियन कोरडं असतं आणि माणसाला वाटतं, आपल्याला घाम येतच नाही. जुलैत उलट. तापमान ३२, पण दमटपणामुळे घाम टपकतो, वाळत नाही. टपकलेला घाम काही थंड करत नाही. उन्हाळा निभावलेली पोरं पावसाळ्यात बेसावध होतात, ती यामुळे.

शरीर उन्हाला सरावतं, आणि चांगलं सरावतं. रोज एक ते दीड तास उन्हात हलका व्यायाम केला तर दहा ते चौदा दिवसांत फरक पडतो: घाम लवकर सुटतो, जास्त येतो, त्यात मीठ कमी असतं आणि त्याच वेगाला नाडी हळू चालते. पहाटे पळून दिवसभर कूलरसमोर बसणाऱ्याला हे मिळत नाही. त्यासाठी मार्चमधली संध्याकाळची पाचची वेळ उत्तम. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग हळूहळू वाढवत जायचं, आणि कायम जोडीने. मेच्या दुपारी बारा ते चार कोणताही सराव नको. ताप, जुलाब असताना, किंवा सर्दीची झोप आणणारी गोळी घेतली असताना ऊन टाळाच. त्यातल्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो. उन्हाचा हा सराव दोन-चार आठवड्यांच्या खंडाने ओसरतो.

पाणी किती प्यायचं, याचं उत्तर वजनकाट्यावर आहे. तासभराच्या सरावाआधी ६४ किलो, नंतर ६२.८, आणि मध्ये अर्धा लिटर प्यायला असाल, तर घाम गेला १.७ लिटर. पुढच्या वेळी तासाला एक लिटरच्या आसपास प्या आणि उरलेलं नंतर भरून काढा. नुसतं साधं पाणी लिटरांवर लिटर ओतलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, पुढे झटके येतात. लांब चालीला एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. मीठ घातलेलं ताकही चालतं.

सोबतचा गडी अडखळायला लागला, विनाकारण चिडला, तारीख विचारल्यावर भलतंच बोलला, तर तो उष्माघात समजा. अंगाला घाम आहे म्हणून तो नाही असं मानू नका. श्रमाच्या उष्माघातात अंग ओलं असू शकतं. आधी थंड करा, मग हलवा. पिठ्ठू, बूट, कपडे काढून गार पाण्याच्या टाक्यात मानेपर्यंत बसवा आणि डोकं धरून ठेवा. टाकं नसेल तर सतत पाणी ओता, बर्फाची फडकी फिरवा, वारा घाला. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. पहिला अर्धा तास निर्णायक असतो. पॅरासिटामॉल इथे निरुपयोगी आहे, कारण तापात मेंदू स्वतःच तापमान चढवतो, उष्माघातात मात्र ते त्याच्या हाताबाहेर गेलेलं असतं.

उंचीवरच्या विरळ हवेचा सराव मात्र इथे आधी करून ठेवता येत नाही. समुद्रसपाटीपासून नागपूर जेमतेम ३१० मीटर. लष्करात जवानाला ९,००० फुटांवर गेल्यावर सहा दिवस, १२,००० वर चार आणि १५,००० वर आणखी चार दिवस थांबवून टप्प्याटप्प्याने सरावतात. तोंडाला मास्क बांधून पळण्याने त्यातलं काही मिळत नाही. फक्त दम कोंडतो.

खाण्याबद्दल थोडक्यात. किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिन, म्हणजे ६५ किलोच्या गड्याला शंभरेक ग्रॅम. सरावानंतरच्या तर्री पोह्यात ते थोडंच असतं; सोबत दोन उकडलेली अंडी घ्या. शाकाहारी असाल तर ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून २६ ग्रॅम मिळतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही; त्याऐवजी संत्रं खा, त्यातलं ‘क’ जीवनसत्त्व उलटं काम करतं. दम कितीही केलं तरी वाढत नसेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा.

मनाच्या तयारीवर बाजारात भाषणं पुष्कळ आहेत, उपयोगाची तंत्रं मोजकीच. मेंदू शेवट कुठे आहे ते पाहून शक्ती वाटून खर्च करत असतो. निवडीत शेवट मुद्दाम लपवतात, आणि थकव्यापेक्षा तेच जास्त खचवतं. याचा सराव करता येतो: आठवड्यातून एकदा फेऱ्यांची संख्या जोडीदाराने ठरवायची आणि संपेपर्यंत सांगायची नाही. अशा वेळी लक्ष पुढच्या खांबापर्यंतच ठेवायचं. छाती धडधडायला लागली की चार मोजत श्वास आत, सहा ते आठ मोजत बाहेर. श्वास सोडताना हृदयाचे ठोके नैसर्गिकपणे मंदावतात, त्याचा हा फायदा. आणि काय बिघडलं तर काय करायचं हे आधी ठरवून ठेवा: मोजा भिजला तर थांबून बदलेन, वाट चुकलो तर शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे येईन. थकल्यावर डोकं कसं चालतं हेही तपासावं. चाल संपताच मित्राने मांडलेल्या बारा वस्तू मिनिटभर पाहून कागदावर लिहा.

झोप न घेण्याचा सराव मात्र करू नका. शरीर त्याला सरावत नाही. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं, की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. रात्री एकपर्यंत अभ्यासिकेत आणि साडेचारला मैदानावर, हा क्रम भरतीच्या मुलांमध्ये मेहनतीचा पुरावा मानला जातो. त्या साडेतीन तासांच्या झोपेत ना स्नायू भरतो, ना वाचलेलं टिकतं. अभ्यास दहाला थांबवा, नाहीतर पळणं संध्याकाळी न्या.

निवडीआधीच्या दहा दिवसांत अंतर निम्मं करा, वेगाचा सराव थोडा चालू ठेवा आणि पिठ्ठू एकदाच हलका उचला. रोज नेहमीपेक्षा तासभर जास्त झोपा. आधी साठवलेली झोप पुढच्या जागरणात खरोखर उपयोगी पडते. पायाची नखं तीन दिवस आधी सरळ कापा, अगदी आदल्या रात्री नको. नवे बूट या दिवसांत घेऊ नका. ते घ्यायचे असतील तर किमान महिनाभर आधी घ्या आणि त्यांच्यावर पिठ्ठूच्या तीन-चार चाली झालेल्या असू द्या.