गावाचा खेळाडू, मेलबर्नचा करार

८ नोव्हेंबर २०२०. कॉर्क शहरातलं स्टेडियम कोरोनामुळे रिकामं. कॉर्क आणि केरी या हाडवैरी शेजाऱ्यांचा गेलिक फुटबॉलचा सामना जादा वेळेत गेलेला आणि तीही संपत आलेली. केरी एका गुणाने पुढे. तेवढ्यात कॉर्कच्या एका खेळाडूचा फटका फसला, चेंडू गोलसमोर हवेत लोंबत खाली आला. मार्क कीन नावाच्या उंच पोराने तो अलगद पकडला आणि जाळ्यात मारला. गेलिक फुटबॉलमध्ये गोलला तीन गुण. केरी त्या वर्षीच्या स्पर्धेतून बाहेर.

कीन तेव्हा मेलबर्नच्या कॉलिंगवूड या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या क्लबचा पगारी खेळाडू होता. ऑस्ट्रेलियातला हंगाम संपला म्हणून घरी आला होता आणि घरी आलाच आहे तर आपल्या काउंटीकडून, म्हणजे जिल्ह्याकडून, खेळला. पुढे तो पुन्हा ऑस्ट्रेलियात गेला, या वेळी ॲडलेडला. आयर्लंडमध्ये गेली चाळीस वर्षं खेळाडूंच्या ऑस्ट्रेलियाकडच्या ज्या गळतीबद्दल तळमळ चालू आहे, तिचं हे एक उदाहरण, आणि त्यातल्या त्यात सुखाचं.

तळमळ कशाची हे कळायला आधी हा खेळ कोणाचा असतो ते पाहावं लागेल. गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतल्या थर्लिस गावी हेज हॉटेलात स्थापन झाली. मायकल क्युसॅक हा शिक्षक आणि मॉरिस डॅविन हा नावाजलेला ॲथलीट, हे तिचे मुख्य कर्ते. आयर्लंड तेव्हा ब्रिटिश अमलाखाली होता. इंग्रजी खेळ आपल्या मातीतले खेळ गिळताहेत, ही त्यांची तक्रार. संघटनेची वीट बसवली ती पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या भोवतीच्या गावकीवर. पॅरिशचा क्लब, क्लबांमधून निवडलेला काउंटीचा संघ, आणि काउंट्यांमध्ये ऑल-आयर्लंड अजिंक्यपद.

काउंटी हा शब्द आपल्याला इंग्लंडच्या क्रिकेटमुळे ओळखीचा आहे, पण ती ओळख इथे फसवी ठरते. यॉर्कशायरने सचिन तेंडुलकरला १९९२ मध्ये करारावर घेतलं तसं केरीला कोणालाही घेता येत नाही. खेळाडू सहसा जिथे जन्मला-वाढला, तिथलाच. त्याला विकता येत नाही, कारण तो विकत घेतलेलाच नसतो. सगळा कारभार हौशी. डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर ८२ हजार लोक तिकीट काढून अंतिम सामना बघतात. आदल्या रविवारी त्यांच्यासमोर खेळलेला मास्तर सोमवारनंतर कधीतरी वर्गात फळ्यापाशी उभा असतो. म्हणून एखादा चांगला पोरगा निघून गेला, तर ती जागा बाजारातून भरून काढण्याची सोयच नाही. पुढचा पोरगा त्याच गावात जन्माला यायला लागतो.

बाहेरच्या खेळाची भीती जीएएला पहिल्यापासून होती, आणि तिने ती नियमात लिहून ठेवली होती. सॉकर म्हणजे आपला नेहमीचा फुटबॉल, रग्बी, क्रिकेट, हॉकी हे ‘परकीय खेळ’. ते खेळणारा, इतकंच काय बघायला जाणाराही, बडतर्फ. या नियमाने एकदा हसं करून घेतलं. १९३८ मध्ये आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड, जे जीएएचे आश्रयदातेही होते आणि गेलिक भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी ज्यांनी आयुष्य घातलं होतं, ते राष्ट्राध्यक्ष या नात्याने डब्लिनमध्ये पोलंडविरुद्धचा फुटबॉल सामना बघायला गेले. संघटनेने त्यांना आश्रयदातेपदावरून काढून टाकलं. मात्र या कडवेपणामागे १९२० सालचा नोव्हेंबरही होता. त्या महिन्याच्या २१ तारखेला ब्रिटिश सशस्त्र दलांनी क्रोक पार्कवर चालू सामन्यात गोळीबार केला, चौदा जण मेले, त्यांत टिपरेरीचा खेळाडू मायकल होगन होता. स्टेडियमची एक बाजू आजही त्याच्या नावाची आहे.

बंदी अखेर १९७१ मध्ये उठली. सात वर्षांत केव्हिन मोरन, ज्याने डब्लिनकडून १९७६ आणि १९७७ चं ऑल-आयर्लंड जिंकलं होतं, तो मँचेस्टर युनायटेडमध्ये दाखल झाला. इंग्लंडच्या ओढीची ही वाट जुनीच होती आणि लोकांना समजतही होती. जीएएने आयुष्यभर पहारा ठेवला तो याच दारावर. चोर मात्र मागच्या दाराने आला, आणि ते दार जीएएनेच पाहुण्यांसाठी उघडलं होतं.

१९६७ मध्ये हॅरी बाइट्झेल नावाच्या मेलबर्नच्या समालोचकाने ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा एक संघ जमवून आयर्लंडला आणला. दोन खेळ दिसायला भावंडं. हाताने पकडणं, लाथेने उंच मारणं, पळता पळता चेंडू सांभाळणं. गेलिक फुटबॉलपासूनच ऑस्ट्रेलियन खेळ निघाला अशी एक गोड समजूत दोन्हीकडे आहे. पण मेलबर्नचे नियम १८५९ मध्येच कागदावर उतरले होते, जीएएचे त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी, त्यामुळे या वंशावळीवर फार भार टाकू नये. फरकही मोठे आहेत: एकीकडे गोल चेंडू आणि पंधरा खेळाडू, दुसरीकडे लंबगोल चेंडू, लंबगोल मैदान आणि अठरा. बाइट्झेलच्या संघाने आयरिश नियमांनी खेळून नुकत्याच ऑल-आयर्लंड जिंकलेल्या मीथला क्रोक पार्कवर हरवलं. मीथने पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाचा दौरा करून त्याची परतफेड केली. त्या पहिल्या दौऱ्यावर रॉन बरासी हा मेलबर्नचा दिग्गज खेळाडू आला होता. आयरिश पोरं काय करू शकतात ते त्याने जवळून पाहिलं.

बरासी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मेलबर्न क्लबचा प्रशिक्षक झाला. संघ तळाशी. त्या काळी व्हिक्टोरिया राज्यातले भाग क्लबांना वाटून दिलेले असत, ज्याच्या वाट्याला जो भाग आला तिथलीच मुलं त्याला मिळत. आपल्या भागात दाणे नसतील तर काय करायचं? बरासी आणि क्लबने आयर्लंडकडे मोर्चा वळवला. आयरिश वर्तमानपत्रात जाहिरात दिली: उंच, अठराच्या आसपासची मुलं हवीत, शिक्षणाची सोय करू. ऑस्ट्रेलियात याला ‘आयरिश प्रयोग’ म्हणतात. आयर्लंडमध्ये बेकारी इतकी होती, की सुशिक्षित पोरं तशीही लंडन-बोस्टनचं तिकीट काढत होती. त्यामुळे या जाहिरातीकडे लोकांनी संकट म्हणून नव्हे, एक संधी म्हणूनच पाहिलं असणार. केरीत वाढलेला शॉन वाइट या वाटेने आधी गेला. मग १९८४ च्या अखेरीस डब्लिनचा जिम स्टाइन्स. वय अठरा, त्याच वर्षी डब्लिनच्या अठरा वर्षांखालील, म्हणजे ‘मायनर’ संघाकडून ऑल-आयर्लंड जिंकून आलेला.

स्टाइन्सला लंबगोल चेंडू आधी वळेना. १९८७ मध्ये तो मुख्य संघात आला आणि त्याच हंगामात त्याच्या हातून जी चूक झाली ती ऑस्ट्रेलियात अजून सांगितली जाते. अंतिम फेरीच्या उंबरठ्यावरचा सामना, मेलबर्न पुढे, प्रतिस्पर्धी हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराला लांबून फ्री किक. स्टाइन्स नकळत त्याच्या आणि चेंडू मारण्याच्या जागेच्या मधून धावत गेला. शिक्षा म्हणून पंचांनी बकेनाराला पंधरा मीटर पुढे आणलं. भोंगा वाजून गेल्यावर त्याने तो फटका गोलात घातला आणि मेलबर्न हरलं. जो नियम तिथलं शेंबडं पोरही जाणतं, तो या पोराच्या अंगात मुरलेला नव्हता. दुसरा कोणी असता तर बॅग भरून डब्लिनला परतला असता. स्टाइन्सने १९९१ मध्ये ब्राउनलो पदक मिळवलं, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम आणि सचोटीच्या खेळाडूचा मान. सलग २४४ सामने खेळण्याचा विक्रम केला. तरुणांसाठी ‘रीच’ नावाची संस्था काढली, कर्जात बुडालेल्या मेलबर्न क्लबचं अध्यक्षपद घेतलं. मार्च २०१२ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, कर्करोगाने गेला तेव्हा मेलबर्नमध्ये त्याला शासकीय इतमामात निरोप दिला गेला.

मला वाटतं, आजची सारी धास्ती स्टाइन्सच्या यशातून आली आहे. तो अपयशी ठरला असता तर प्रयोग तिथेच मेला असता. पण स्टाइन्सनंतर बरीच वर्षं दुसरा स्टाइन्स सापडला नाही, हेही तितकंच खरं. डेरीचा ॲन्थनी टोहिल मेलबर्नला जाऊन परतला आणि १९९३ मध्ये डेरीला त्यांचं पहिलं ऑल-आयर्लंड मिळवून देण्यात पुढे राहिला. परतलेला माणूस घाट्याचा नसतो, हे तेव्हाच दिसलं होतं.

मग आला टाइग केनेली. केरीतलं लिस्टोल गाव, बाप टिम केनेली १९७९ च्या विजयी केरी संघाचा कर्णधार. घरात गेलिक फुटबॉल म्हणजे देव्हाऱ्यातली वस्तू. पोरगा गेला सिडनी स्वॉन्सकडे. २००५ मध्ये सिडनीने ७२ वर्षांनी विजेतेपद जिंकलं तेव्हा पदक घेताना तो व्यासपीठावर आयरिश नाच नाचला. त्याच डिसेंबरात वडील अचानक वारले. २००९ मध्ये तो पगार सोडून केरीला परतला, त्याच वर्षी ऑल-आयर्लंड जिंकला आणि पुन्हा सिडनीला गेला. अंतिम सामन्यातला त्याचा सहकारी टॉमी वॉल्श सामन्यानंतर लगेच सेंट किल्डाकडे निघाला.

तोवर वाट रुळली होती. १९८४ पासून दोन्ही देशांत मिश्र नियमांची मालिका होत असे, गोल चेंडू, अर्धे नियम इकडचे अर्धे तिकडचे. २००६ मध्ये क्रोक पार्कवर त्यात इतकी हाणामारी झाली, की पुढच्या वर्षीची मालिकाच रद्द झाली. पण आयरिश लोकांच्या मनात हाणामारीइतकीच दुसरी गोष्ट खुपत होती: ऑस्ट्रेलियन मंडळी या सामन्यांना गुरांच्या बाजारात आल्यासारखी येतात. रिकी निक्सनसारखे एजंट मायनर सामन्यांवर नजर ठेवू लागले. एएफएलच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या, नियमांनीही हे सोपं केलं. ऑस्ट्रेलियन मुलगा ‘ड्राफ्ट’च्या रांगेतूनच क्लबला मिळतो. ज्याने आधी तो खेळ खेळलेलाच नाही अशा परदेशी मुलाला मात्र वेगळ्या श्रेणीत थेट करारावर घेता येतं. क्लबला तो स्वस्त पडतो आणि रांगेत उभं राहावं लागत नाही. गावच्या क्लबला, ज्याने त्याला सहाव्या वर्षापासून मैदानावर वागवलं, यातलं काही मिळत नाही. तिथे करारच नव्हता, तर मोडण्याची भरपाई कसली?

आकड्यात पाहिलं तर गळती मोठी नाही. पुरुषांच्या लीगमध्ये एका वेळी डझनभर आयरिश. दरवर्षी सिडनीच्या बांधकामांवर आणि लंडनच्या कार्यालयांत जाणारी पोरं त्याहून कितीतरी जास्त, आणि २००८ च्या मंदीनंतर तर कित्येक गावांना पंधरा माणसं उभी करणं कठीण झालं होतं. पण ते पंधरावे-सोळावे असतात. ऑस्ट्रेलियन उचलतात तो पहिला. शिवाय उरलेल्यांनाही हल्ली काही हौशीपणा राहिलेला नाही. काउंटीच्या संघात आठवड्याला तीन-चार संध्याकाळी सराव, व्यायामशाळा, आहाराचे तक्ते, व्हिडिओ. १९९९ मध्ये खेळाडूंनी आपली संघटना काढली, त्यानंतर काही वर्षांनी सरकारी अनुदान सुरू झालं, तेही हातखर्चापुरतं. व्यावसायिकाची मेहनत घ्यायची आणि हौशी म्हणवायचं, हा प्रकार अठरा वर्षांच्या मुलाला जास्त स्पष्ट दिसतो. त्याला तिकडे नुसता पगार मिळत नाही, दिवसभर खेळायला मिळतं.

सगळेच जात नाहीत. फोसा गावच्या डेव्हिड क्लिफर्डने २०१७ च्या मायनर अंतिम सामन्यात एकट्याने चार गोल आणि शिवाय चार सुटे गुण केले. ऑस्ट्रेलियन क्लब मागे लागले. तो केरीतच राहिला, शिक्षक झाला. आणि गेलेले सगळेच तुटत नाहीत. २०२२ मध्ये डेरीने १९९८ नंतर प्रथमच अल्स्टर प्रांताचं अजिंक्यपद घेतलं. कर्णधार ख्रिसी मॅकेग सिडनीहून परतलेला, मधल्या फळीतला कॉनर ग्लास हॉथॉर्नहून. टिरोनचा कॉनर मॅकेना घरच्या ओढीने २०२० मध्ये परतला, २०२१ मध्ये ऑल-आयर्लंड जिंकला, पुन्हा गेला आणि २०२४ मध्ये ब्रिस्बेनकडून विजेता झाला. लीशचा झॅक टूही मात्र तिथेच राहिला, आणि २८८ सामने खेळून त्याने स्टाइन्सला मागे टाकलं.

आता हे सगळं नव्याने चाललं आहे ते मुलींच्या बाबतीत, आणि वेगाने. महिलांच्या गेलिक फुटबॉलची संघटना १९७४ मध्ये स्थापन झाली, तीही थर्लिसच्या त्याच हेज हॉटेलात. ऑस्ट्रेलियाची महिला लीग २०१७ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच हंगामात मेयोची कोरा स्टाँटन, वय ३६, तिथे खेळू लागली. सुरुवातीला तो हंगाम वर्षारंभी दोनेक महिन्यांचा असे. तिकडचं आटोपून उन्हाळ्यात काउंटीकडून खेळता येई. २०२२ मध्ये लीग ऑगस्टवर सरकली. आता तिथे तीसहून जास्त आयरिश मुली असतात.

त्या वर्षी ३१ जुलैला क्रोक पार्कवर मीथच्या मुलींनी केरीला हरवून सलग दुसरं ऑल-आयर्लंड जिंकलं. संघातली विकी वॉल त्यानंतर नॉर्थ मेलबर्नला गेली, ओरला लॅली फ्रीमँटलला. लीगचा पहिला सामना २५ ऑगस्टला होता.