घाटाच्या वळणावर कापसाचा ट्रक का कलंडतो?

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे येणारा ट्रक वळतो, तेव्हा त्याला वळणाच्या केंद्राकडे ओढणारं बल लागतं. हे अभिकेंद्री बल कुठून वेगळं येत नाही; सपाट रस्त्यावर टायर आणि डांबरातलं घर्षणच ते पुरवतं. बलांची आकृती काढताना वजन आणि घर्षण दाखवून झाल्यावर अभिकेंद्री बलाचा आणखी एक बाण काढला, की तेच बल दोनदा धरलं जातं आणि हिशेब तिथेच फसतो.

सूत्र सोपं आहे: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या. अडचण त्रिज्येची, कारण ती पाटीवर लिहिलेली नसते. रेल्वेत ती दोरीनं काढतात. बाहेरच्या रुळाला २० मीटरची दोरी ताणून धरायची आणि मधोमध रूळ दोरीपासून किती दूर आहे ते मोजायचं. याला वर्साइन म्हणतात. रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावरही हे चालतं (रहदारी बंद असेल तरच!). वर्साइन १.२५ मीटर आली, तर दोरीच्या लांबीचा वर्ग (४००) भागिले वर्साइनची आठपट (८ × १.२५ = १०), म्हणजे त्रिज्या साधारण ४० मीटर.

आता केळी भरलेला १६ टनांचा ट्रक ताशी ३६ किमीनं वळतोय असं धरू. आधी ३.६ नं भागून वेग सेकंदाला १० मीटर करायचा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. १६,००० × १०० ÷ ४० = ४०,००० न्यूटन. ट्रकचं वजन सुमारे १,५७,००० न्यूटन, म्हणजे बल वजनाच्या पाव पट. ताशी ५४ किमीला वेग दीडपट, पण बल ९०,००० न्यूटन, वजनाच्या ०.५७ पट.

कोरड्या डांबरावर घर्षण वजनाच्या ०.७ पटीपर्यंत साथ देतं, म्हणून टायर घसरत नाहीत. पण ट्रक उलटायची मर्यादा वेगळी: चाकांमधल्या रुंदीचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची (सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात त्या बिंदूची) उंची. रुंदी २ मीटर, उंची २ मीटर, तर ०.५. म्हणजे बल वजनाच्या निम्म्याहून वाढलं, की ट्रक उलटू लागतो. ताशी ५४ किमीला ते ०.५७ पट, म्हणून आतली चाकं उचलली जाणार. पावसात घर्षण ०.४ वर आलं, तर उलटण्याआधी गाडी घसरते.

कापूस हलका, म्हणून भीती कमी असं वाटतं. पण उलटण्याच्या हिशेबात वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटून जातं. उरते ती उंची. टपाच्या वर रचलेल्या कापसानं गुरुत्वमध्य अडीच मीटरवर गेला, की मर्यादा ०.४ आणि त्याच वळणावरचा जास्तीत जास्त वेग ताशी ४५ किमी. स्प्रिंगा दबून माल बाहेर झुकतो, त्यामुळे खरी मर्यादा याहूनही खालीच.